गोळी, बाळंतीण आणि रक्ताची गुठळी

होसकोटेत आमच्या वरच्या मजल्यावर सोलापूरकडचं एक कुटुंब भाड्यानं राहतं. गेल्या पावसाळ्यात तिथली सून बाळंत झाली. तिची आई गावाहून आली, तेव्हा सामानात आळीव, डिंक, बाळंतशेपा आणि चक्क एक लोखंडी शेगडी होती. घरमालकीणबाई इथल्याच, कन्नड. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी रोज वाजायचं. टाळू कुठल्या तेलानं भरायची, धुरी किती वेळ द्यायची, काजळ लावायचं की नाही. एका गोष्टीवर मात्र दुभाष्याशिवाय एकमत झालं: बाळंतिणीला पाणी बेतानंच द्यायचं. मराठीत बाळंतीण, कन्नडमध्ये बाणंती. तांब्यावरची वाटी दोन्हीकडे तशीच पालथी. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर होसकोटेही होतं, म्हणजे इथं मराठी बाळंतिणी साडेतीनशे वर्षांपासून आहेत. पाण्यावरचं हे एकमतही तितकंच जुनं असेल.

मी ३१ वर्षं मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत रक्त साकळायला किती सेकंद लागतात हे मोजत काढली. ती पालथी वाटी पाहिली आणि मला बंगळूरच्या होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेतले बाळंतिणींचे अभ्यास आठवले. हार्मोन आणि रक्ताची गुठळी या प्रश्नाचा आजवरचा हिशेब मांडायला मला सांगितलं आहे. तो मांडताना युरोपातून सुरुवात करावी लागते, कारण भांडणाची पहिली ठिणगी तिथं पडली. पण आपल्याकडचा प्रश्न तोच आहे का, हे शेवटपर्यंत मनात ठेवायला हवं.

निळ्या झाकणाची नळी

रक्त वाहतं राहावं आणि जखम झाली की तिथल्या तिथं साकळावं, या दोन्ही गोष्टी शरीर एकाच वेळी सांभाळतं. एका पारड्यात साकळवणारे घटक असतात: फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, फॅक्टर सात, आठ, दहा. दुसऱ्यात आवर घालणारे: अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस. यांतले बहुतेक यकृतात तयार होतात, आणि हार्मोनचा संबंध येतो तो इथंच. इस्ट्रोजेनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते. तिथं ती पहिलं पारडं जड करते आणि दुसऱ्यातलं प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन कमी करते. गरोदरपणात शरीर स्वतःच हेच करतं, कारण प्रसूतीच्या वेळी रक्त वाहून जाऊ नये. सोय निसर्गानं केली आहे. तिची किंमत कधी पायाच्या शिरेत, कधी फुप्फुसात, कधी मेंदूत मोजावी लागते.

प्रयोगशाळेत आम्ही निळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा घ्यायचो. ३७ अंशांच्या पाण्यात नळी ठेवायची, अभिकर्मक टाकायचं, स्टॉपवॉच दाबायचं आणि नळी तिरकी करत राहायची. बारा-तेरा सेकंद ते द्रव पाण्यासारखं डुलतं आणि एका क्षणी जेलीसारखं जागीच थांबतं. नंतर यंत्रं आली, पण तो थांबण्याचा क्षण ज्यानं हातानं पकडला आहे त्याला तो विसरता येत नाही. एवढं करूनही गोळी घेणाऱ्या बाईचा धोका या चाचणीत दिसत नाही. तिचे सेकंद अगदी नॉर्मल येतात. रिपोर्ट चांगला आहे म्हणून निर्धास्त राहिलेले नातेवाईक मी खूप पाहिले. ही चाचणी रक्त उशिरा साकळतं का ते सांगते. नको तिथं साकळेल का, हे तिला विचारण्यात अर्थ नसतो.

गोळीवरचा खटला

१९६१ साली इंग्लंडमधल्या सफोकच्या डब्ल्यू. एम. जॉर्डन या जनरल प्रॅक्टिशनरनं ‘लॅन्सेट’ला एक छोटं पत्र लिहिलं. एंडोमेट्रिओसिससाठी हार्मोनची गोळी घेणाऱ्या एका नर्सच्या फुप्फुसात गुठळी गेली होती. तेव्हाच्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम असायचं. आज आपल्या सरकारी ‘माला-एन’मध्ये ३० असतं. १९६८ मध्ये इनमन आणि व्हेसी यांनी ब्रिटनमधल्या मृत्यूंची छाननी करून गोळी आणि गुठळी यांचा संबंध पक्का केला. त्यानंतर इस्ट्रोजेनची मात्रा उतरत गेली आणि धोकाही उतरला.

पुढचा वाद इस्ट्रोजेनच्या जोडीला असणाऱ्या दुसऱ्या हार्मोनवर झाला. १९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश औषध नियंत्रकांनी डॉक्टरांना तातडीचं पत्र धाडलं: डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन असलेल्या ‘तिसऱ्या पिढी’च्या गोळ्यांत जुन्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळ्यांपेक्षा गुठळीचा धोका सुमारे दुप्पट आहे. बायका घाबरल्या, अनेकींनी पाकीट अर्ध्यावर टाकलं, आणि पुढच्या वर्षी तिथले गर्भपात वाढले. धोक्याची बातमी देण्याचाही एक धोका असतो, हे तेव्हा कळलं.

या वादात दोन पक्ष आहेत आणि दोन्हींकडे वजनदार माणसं आहेत. एक पक्ष म्हणतो, फरक खरा आहे. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या यान रोसिंग यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की नव्या गोळ्या घेणाऱ्यांच्या प्लाझ्मावर प्रोटीन सीचा आवर कमी चालतो. पुढे डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून लिडेगार्ड यांनी आणि नेदरलँड्सच्या ‘मेगा’ अभ्यासानंही तोच कल दाखवला. दुसरा पक्ष म्हणतो, नवी गोळी डॉक्टर नव्यानं सुरू करणाऱ्या मुलींना किंवा आधीच जोखीम असलेल्यांना देतात, आणि पहिल्या वर्षात गुठळ्या मुळातच जास्त होतात. म्हणून आकडे फुगतात. २००७ च्या ‘युरास’ या मोठ्या अभ्यासात ड्रोस्पिरेनोनच्या गोळीचा वेगळा धोका दिसला नाही. त्या अभ्यासाला पैसा गोळी बनवणाऱ्या कंपनीचा होता, हे विरोधक लगेच सांगतात. युरोपीय औषध संस्थेनं २०१३ मध्ये आकडे असे मांडले: गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर ५ ते ७, डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोनवर ९ ते १२. दुप्पट म्हटलं की छातीत धस्स होतं. दहा हजारांत पाच वाढल्या म्हटलं की तेवढं होत नाही. दोन्ही विधानं खरी आहेत. मला स्वतःला पहिला पक्ष जास्त पटतो, कारण नोंदवही आणि परीक्षानळी दोन्हींची साक्ष एकाच बाजूला पडते.

रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोनबद्दल मतभेद आता कमी आहेत. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’नं २००२ मध्ये दुप्पट गुठळ्या दाखवल्या. नंतर फ्रान्समधल्या ‘एस्थर’ अभ्यासात त्वचेवरच्या पट्टीतून दिलेल्या इस्ट्रोजेननं तसा धोका दिसला नाही. पट्टीतलं औषध यकृताच्या दारातून आधी जात नाही, त्यामुळे वरचा तराजूचा हिशेब इथं नीट जुळतो.

लायडनचं जनुक, परळचे दोन पत्ते

स्वीडनच्या बियॉर्न डालबेक यांनी १९९३ मध्ये काही कुटुंबांत प्रोटीन सीचा आवर चालतच नसल्याचं टिपलं. वर्षभरात नेदरलँड्समधल्या लायडन शहरात रोखिर बर्टिना यांच्या गटानं त्यामागचा फॅक्टर पाचचा बदल शोधला. त्याचं नाव पडलं फॅक्टर व्ही लायडन. युरोपीय वंशाच्या शंभरांत सुमारे पाच जणांत तो असतो. हा बदल आणि गोळी एकत्र आले की धोका ३० पटींहून जास्त होतो, असं लायडनमधूनच १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं.

मग भारतात काय? यासाठी परळला यावं लागतं. केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर प्रजनन आरोग्याची. रक्त एका पत्त्यावर, हार्मोन दुसऱ्यावर. आपला विषय या दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यावर उभा आहे, असं मला कायम वाटत आलं. दीपिका मोहंती, कांजाक्ष घोष आणि श्रीमती शेट्टी यांनी पहिल्या संस्थेत आपली बरीच कारकीर्द या एका प्रश्नावर घालवली: पश्चिम भारतातल्या रुग्णांत गुठळीचं मूळ कुठं आहे? त्यांच्या २००१ च्या अभ्यासात यकृताच्या शिरा बंद पडलेल्या रुग्णांत, म्हणजे बड-किआरी आजारात, लायडनचा बदल निरोगी लोकांपेक्षा कितीतरी जास्त सापडला. पारशी समाजातही तो ठळकपणे दिसला, आणि त्यावरून हा बदल किती जुना असावा यावर त्यांनी एक वेधक निबंध लिहिला. सर्वसाधारण भारतीयांत मात्र तो विरळ आहे. युरोपात महत्त्वाचा ठरलेला प्रोथ्रॉम्बिनचा बदल तर आपल्याकडे जवळजवळ नाहीच. म्हणजे परदेशी यादी पाहून महागड्या जनुकीय चाचण्या करून घेतल्या, तर बहुतेकींचा रिपोर्ट कोराच येणार.

रक्तगटाचा मुद्दा इथंच. ओ गटाच्या लोकांत फॉन विलेब्रांड फॅक्टर हा रक्त साकळायला मदत करणारा घटक सुमारे पाव हिश्श्यानं कमी असतो आणि गुठळ्याही कमी होतात. इतर गटांच्या बायकांनी गोळी घेतली तर धोका त्यामानानं जास्त. १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. त्या गटात हा फॅक्टर ओपेक्षाही कमी असतो, हे २००५ मध्ये दिसून आलं. लायडनच्या नावावर गुठळी लागली, मुंबईच्या नावावर तिच्यापासूनचा थोडा बचाव.

बाळंतिणीचा मेंदू

भारतातला सगळ्यात स्वतःचा, सगळ्यात भरीव अध्याय हाच आहे. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांत डोकं ठणकतं, उलट्या होतात, मग फिट येते किंवा एक बाजू लुळी पडते. गावाकडे याला बाहेरची बाधा म्हणत आणि मांत्रिक बोलावत. प्रत्यक्षात मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी झालेली असते. मदुराईच्या के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये गरोदर आणि बाळंत अशा १३५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंगळूरला निम्हान्समध्ये डी. नागराजा यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. युरोपात तोवर हा आजार इतका विरळ मानला जाई की हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या बर्लिनमधल्या १९९१ च्या गाजलेल्या चाचणीत रुग्ण होते अवघे २०. निम्हान्सनं १९९५ मध्ये नुसत्या बाळंतिणींवर, ५७ जणींवर, हेपॅरिनची चाचणी केली. निदान फक्त सीटी स्कॅनवर झालं होतं, म्हणून नंतरच्या आंतरराष्ट्रीय एकत्रित विश्लेषणात ती धरली गेली नाही. नियमाला धरूनच झालं ते. पण एमआरआयची वाट पाहत बसले असते तर त्या ५७ जणींबद्दल कुणी काहीच लिहिलं नसतं.

कारणांबद्दल मतं तीन आहेत. पहिलं: पाणी तोडणं, उकाड्याची खोली, शेगडी, त्यातून रक्त दाट होणं. दक्षिण भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टांनी हे पुन्हा पुन्हा मांडलं आहे, आणि घराघरांत दिसणाऱ्या गोष्टींशी ते जुळतं. पण पाणी तोडलेल्या लाखो बाळंतिणी धडधाकट उठतात, तेव्हा एकट्या पाण्यावर खापर फोडता येत नाही. दुसरं मत आहाराचं: बी-१२ आणि फोलेट कमी, म्हणून रक्तात होमोसिस्टीन चढलेलं. निम्हान्समध्ये नागराजा आणि रीटा क्रिस्टोफर यांच्या गटानं २००८ मध्ये बाळंतिणींत हा धागा तपासला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याआधी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांपैकी दोन तृतीयांशांत बी-१२ कमी असल्याचं दाखवलं होतं. पण जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन उतरवल्यावर गुठळ्या कमी होतात का, हे युरोपात तपासलं गेलं तेव्हा फायदा दिसला नाही. अर्थात बी-१२ बेताचंच असलेल्या शाकाहारी घरातल्या बाळंतिणीला तोच निकाल लावायचा का, हा प्रश्न उरतोच. तिसरं मत अशक्तपणाचं आणि जंतुसंसर्गाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, त्यामुळे हे मत सहज बाजूला सारता येत नाही.

चित्रही बदलतं आहे. हैदराबादच्या निझाम्स संस्थेनं २०१२ मध्ये मेंदूच्या शिरांत गुठळी झालेल्या ४२८ रुग्णांची नोंद छापली, तेव्हा निम्म्याहून थोडे जास्त पुरुष निघाले. २००४ च्या आंतरराष्ट्रीय नोंदीत ६२४ पैकी तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या आणि पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक गोळीवर. रुग्णालयात होणारी बाळंतपणं २००५-०६ च्या ३९ टक्क्यांवरून पाचव्या पाहणीपर्यंत ८९ टक्क्यांवर गेली. मग बाळंतिणी खरंच वाचू लागल्या, की एमआरआय आल्यावर पूर्वी न सापडणारे पुरुष सापडू लागले? दोन्ही थोडं थोडं असावं, असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात.

पाकिटाबाहेरच्या गोळ्या

भारतात विवाहित स्त्रियांपैकी जेमतेम ५ टक्के रोजची गर्भनिरोधक गोळी घेतात. जवळपास ३८ टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली असते. म्हणून युरोपातला ‘कोणती गोळी’ हा वाद इथं तितका तापत नाही. इथल्या हार्मोनच्या वाटा वेगळ्या आहेत.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली, १९९१ मध्ये बाजारात आलेली ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी आता ‘छाया’ नावानं सरकारी केंद्रात फुकट मिळते. तिच्यात स्टेरॉइड नाही. समर्थक म्हणतात, इतक्या वर्षांत गुठळीची तक्रार ठळकपणे पुढे आलेली नाही. शंका घेणारे म्हणतात, तिच्याच कुळातल्या टॅमॉक्सिफेन आणि रॅलॉक्सिफेननं गुठळ्या वाढतात, तेव्हा गुठळी हेच मोजमाप धरून मोठा अभ्यास व्हायला हवा. २०१७ पासून आलेल्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनबद्दलही असंच. नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासात धोका तिपटीहून जास्त दिसला, पण त्यातल्या बायका मोजक्याच होत्या, आणि जागतिक आरोग्य संघटना बहुतेकींना ते चालेल असंच मानते.

आणि मग ती, जिचा उल्लेख पाठ्यपुस्तकात ओळभर असतो आणि विक्री सणासुदीत: पाळी पुढे ढकलण्याची गोळी. गौरी-गणपती, वरमहालक्ष्मी, लग्न, तिरुपती. दुकानदार चिठ्ठी न मागता पट्टी कापून देतो, दिवसातून तीनदा. तिच्यातलं नॉरएथिस्टेरॉन हे तसं नुसतं प्रोजेस्टोजेन, म्हणून निरुपद्रवी मानलं जातं. पण या मोठ्या मात्रेत त्याचा थोडा भाग शरीरात इथिनाइल इस्ट्रॅडिओलमध्ये बदलतो, म्हणजे बाई नकळत रोजच्या गोळीएवढं इस्ट्रोजेन घेत असते. १९९९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात उपचाराच्या मात्रेतल्या प्रोजेस्टोजेननं धोका पाच पट दिसला. रुग्ण थोडे असल्यानं आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. दहा दिवसांच्या वापराला भिऊ नये, असं अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, आणि निरोगी मुलीबाबत ते बरोबरच असावं. पण पूर्वी गुठळी झालेली किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई त्या दुकानात आली, तर तिला ओळखणार कोण?

पोटात टोचायची सुई

ज्यांचा गर्भ टिकत नाही अशा बायकांना रोज हेपॅरिनचं इंजेक्शन देण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. तर्क सरळ: वारेत गुठळ्या होतात, त्या थांबवल्या की गर्भ टिकेल. अँटिफॉस्फोलिपिड आजार असेल तर हा उपचार मान्य आहे. आनुवंशिक दोषांसाठी मात्र २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘अलाइफ-२’ चाचणीनं उत्तर दिलं: सुई घेणाऱ्या १०० पैकी ७२ जणींना मूल झालं, न घेणाऱ्यांपैकी ७१ जणींना. तरीही सुई चालू ठेवणारे डॉक्टर सगळेच अडाणी किंवा लोभी नाहीत. त्यांच्यासमोर तीनदा रिकाम्या हातांनी परतलेली बाई बसलेली असते, आणि ‘काही करू नका’ हे वाक्य तिला सांगणं फार कठीण आहे.

गोळीतल्या हार्मोनची दुसरी बाजू या सगळ्यात झाकली जाते. १९२६ मध्ये फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी ज्या कुटुंबाचा रक्त न थांबण्याचा आजार वर्णन केला, त्यातली योर्डिस नावाची मुलगी तेराव्या वर्षी पाळीच्या रक्तस्रावानंच गेली. अशा मुलींना आज तीच बदनाम गोळी जीव वाचवायला देतात. १९७७ मध्ये इटलीच्या मान्नुच्ची यांनी डेस्मोप्रेसिन या हार्मोनसदृश औषधानं सौम्य हिमोफिलियातला रक्तस्राव थांबवला. आमच्या प्रयोगशाळेत एकाच सकाळी गोळीमुळे गुठळी झालेलीचा नमुना यायचा आणि गोळी सुरू करायची होती त्या मुलीचाही. नळ्या शेजारी शेजारी उभ्या असायच्या.

अजून न मिटलेलं

चाचण्या कुणाच्या करायच्या यावर बऱ्यापैकी एकमत आहे: सरसकट कुणाच्याच नाहीत, आधी घरचा इतिहास विचारायचा. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे सगळ्यात घातक, आणि थोडा धोका बाराव्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो, हे कॅलिफोर्नियातल्या १६ लाखांहून अधिक बाळंतिणींच्या नोंदींतून २०१४ मध्ये स्पष्ट झालं. पण सिझेरियननंतर रक्त पातळ करणारी सुई कुणाला द्यायची, याची गुणतालिका ब्रिटनची आहे. तिच्यात लठ्ठपणाला गुण आहेत, बी-१२ ला नाहीत. ती इथं तशीच वापरावी असं एक गट म्हणतो, कारण काहीच न वापरण्यापेक्षा ते बरं. दुसरा म्हणतो, आपल्या बायका वेगळ्या आहेत, आधीच रक्तक्षय असलेल्या बाळंतिणीला सुईनं रक्तस्राव झाला तर? हा वाद परदेशी आकड्यांवर मिटणार नाही.

सहाव्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची सून पायरीवर येऊन बसली. मूल आईच्या मांडीवर. दवाखान्यात पाळणा लांबवायचं काहीतरी सुचवलं होतं, ते दाखवायला आली होती. अंगावर पाजणाऱ्या आईला इस्ट्रोजेनची गोळी एवढ्यात देत नाहीत, ते मी सांगितलं. मग सवयीनं विचारलं, घरात कुणाला कधी गुठळी झाली होती का? ती नाही म्हणाली. आई बाळाला थोपटत होती, थोड्या वेळानं म्हणाली, “माझी मावशी गेली होती बाळंतपणात. एक पाय हा एवढा सुजला, अन् चौथ्या दिवशी धाप लागून गेली. वाताचा पाय म्हणाले तवा.”

हे दवाखान्यात सांगितलं होतंत का, मी विचारलं.

“कुणी विचारलंच न्हाई की, ताई,” त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, “तिलाबी पाणी देत नव्हते. त्यानंच झालं असंल का?”